क्रियापदाला घरं किती

मी दहावी नापास. तेही इंग्रजीत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणाला ते शोधून काढायचे कष्ट नकोत. आणि मी इंग्रजी शिकवते. दापोडीत आमच्या विहाराला लागून एक खोली आहे, सतरंज्या आणि स्पीकर ठेवायची. तिथं आठवड्यातून तीन दिवस, संध्याकाळी पाच ते साडेसहा. फी नाही. फळा आहे, खडू ज्याचा त्यानं आणायचा. बाया कंपनीतून सुटून थेट येतात, तोंड धुवायलासुद्धा घरी न जाता. सुरुवातीला कमिटीतले एक भाऊ दारात उभे राहून म्हणाले, “ताई, शिकवताय ते ठीक आहे, पण तुमच्याकडं सर्टिफिकेट काय?”

मी म्हटलं, “भाऊ, तुमच्या घरी स्वयंपाक कोण करतं? तिचं सर्टिफिकेट बघून जेवायला बसता का?”

ते गेले. पुन्हा आले ते बायकोला वर्गात सोडायला.

पण हे इंग्रजी माझ्या डोक्यात शिरलं कसं, ते आधी सांगायला पाहिजे. भोसरीला एका कारखान्यात मी बावीस वर्षं हार्नेसच्या लाइनवर होते. हार्नेस म्हणजे गाडीच्या पोटातलं तारांचं जाळं. दिवा, हॉर्न, वायपर, सगळ्यांना करंट पोचवणारं. तारेच्या टोकाला पितळेची बारीक टोपी दाबून बसवतात, ते टर्मिनल. आणि टर्मिनल ज्या प्लॅस्टिकच्या डबीत खोचतात, ते कपलर. कपलरला भोकं असतात, त्यांना आम्ही घरं म्हणायचो. एका घराचं कपलर, दोन घरांचं, तीन घरांचं. घर रिकामं राहिलं तर तिकडं दिवा लागत नाही, आणि जास्तीची तार घालायला जावं तर जागा नाही. पहिल्या दिवशी एकच नियम शिकवायचे: घाल, ऐक, ओढ. तार घरात घालायची, टक् असा आवाज ऐकायचा, मग हलकंच मागं ओढून बघायची. नाही निघाली तर बसली. नुसता आवाज आला म्हणून बसली समजायचं नाही. आवाज फसवतो.

रिटायर झाले आणि रद्दीच्या दुकानात एक इंग्रजी डिक्शनरी मिळाली, पुठ्ठा गेलेली. कशाला घेतली? रागानं घेतली. बावीस वर्षं माझ्यासमोर उभं राहून साहेब लोक माझ्याबद्दल इंग्रजीत ठरवायचे आणि शेवटी मला मराठीत फक्त निकाल कळायचा. तो राग. घरी आणून वाचायला लागले. क्रियापद आलं की त्याच्यापुढं बारीक अक्षरात खूण. कुठं आय, म्हणजे अकर्मक, कुठं टी, म्हणजे सकर्मक. शाळेत अकर्मक, सकर्मक, द्विकर्मक घोकलं होतं, पण ते परीक्षेपुरतं, आणि परीक्षेलाही उपयोगी पडलं नाही ते तुम्हाला माहीतच आहे. एका दुपारी मेथी निवडता निवडता हात थांबला. म्हटलं, अगं बाई, हे तर कपलर आहेत!

स्लीप म्हणजे झोपणं. याला एकच घर, कोण झोपलं. संपलं. कट म्हणजे कापणं. दोन घरं, कोणी कापलं आणि काय कापलं. गिव्ह म्हणजे देणं. तीन घरं, कोणी, कोणाला, काय. पुट म्हणजे ठेवणं, त्यालाही तीनच, पण तिसरं घर निराळ्या आकाराचं: कोणी, काय आणि कुठं. ‘आय पुट द बॉक्स’ एवढंच म्हणून गप्प बसलात तर इंग्रज माणूस पुढं वाकून बघत राहतो, की ठेवलंस कुठं बाई? आणि इज, बिकम ही मंडळी तर वेगळीच. तो जॉइंट आहे. दोन तारा सोलून एकत्र पिळतो ना आपण, तसा. शी इज टायर्ड. ती, आणि दमलेली. या काही दोन बाया नव्हेत, दोन्हीकडं एकच करंट.

मराठीत आपण घरं खुशाल रिकामी ठेवतो. “दिलंस का?” “दिलं.” झालं काम. कोणी, कोणाला, काय, समोरच्याला ठाऊक असतं. इंग्रजीत तसं चालत नाही. इतकं चालत नाही, की घालायला तार नसेल तर ते डमी घालतात! आम्हीही लाइनवर घालायचो, रिकाम्या घरात पाणी जाऊ नये म्हणून रबराची डमी. इट इज लेट. उशीर झालाय. कोण झालाय उशीर? कोणीच नाही. पण घर रिकामं नको म्हणून तिथं इट बसवलाय.

आणि कुठल्या क्रियापदाला किती घरं, हे कळायचं कसं? ओढून बघायचं. वाक्यातला एकेक शब्द ओढायचा. वाक्य उभं राहिलं तर तो शब्द शोभेचा होता. आडवं पडलं, तर तिथं घर होतं. एवढंच माझं व्याकरण. कोणाला हसू येत असेल तर येऊ द्या, मी थांबते.

तर माझी सून. ती चाकणला अशाच कारखान्यात आहे, सात वर्षं. पण सलग सात नव्हेत. कंत्राटी बायांना काही महिने झाले की ब्रेक देतात. चहाचा नव्हे. नाव कमी करायचं, घरी बसवायचं आणि महिन्या-दीड महिन्यानं नवी म्हणून पुन्हा घ्यायचं. हात जुने, बाई नवी. सात वर्षांत आपण किती वेळा नवी झालो, ते तिनं मोजणं सोडलं होतं. मग गेल्या वर्षी तिच्या लाइनवर ट्रेनरची जागा निघाली. एकच जागा, पण पर्मनंट. नव्या मुलींना शिकवायचं, आणि बाहेरचे पाहुणे ऑडिटला आले की आपल्या टेबलावर काय चालतं ते इंग्रजीत सांगायचं. तीन बायांची नावं गेली, त्यात हिचं. पुढच्या ऑडिटला जी नीट बोलेल तिला जागा मिळणार. हिला ती जागा हवी होती. मिरवायला नव्हे. पुन्हा कधी नवी व्हायचं नाही, एवढ्यासाठी.

ट्रेनिंगच्या सरांनी तिघींना एक छापील कागद दिला आणि सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडं करायचा नाही. चांगलं लांबलचक इंग्रजी होतं, घोड्यावर बसल्यासारखं. सून पोळ्या लाटताना ते घोकायची.

मी विचारलं, “म्हणतेस ते कळतंय का?”

“कळायचं काय त्यात? बोलायचंय.”

“आणि मधूनच काही विचारलं तर?”

“मधूनच कशाला विचारतील?”

“अगं, माणसं आहेत ती. माणसं मधूनच विचारतात.”

लाटणं थांबलं. “अहो आई, राग मानू नका. पण तुम्ही दहावी नापास. सर इंजिनियर आहेत.”

राग मानू नका म्हटलं की राग येतोच. पण मी पोळीला तेल लावलं. तिचं चुकलं होतं असं नाही. बुडणारा माणूस काठीची जात विचारत नाही, समोर दिसेल ती धरतो. तिला कागद दिसला होता.

चार दिवसांनी सरांनी तालीम घेतली. ही म्हणायला लागली आणि सातव्या ओळीला हिला खोकला आला. खोकला थांबला, पण आठवी ओळ येईना. सर म्हणाले, पहिल्यापासून. पहिल्यापासून म्हटलं, पुन्हा सातव्या ओळीला अडकली. बाकीच्या दोघी हसल्या. त्या दिवशी पाच वाजता मी विहाराच्या खोलीत फळा पुसत होते, तर ही येऊन मागच्या सतरंजीवर बसली. ओळख नसल्यासारखी. मीही दाखवली नाही.

आमच्या वर्गात एक भोसरीच्या जुन्या गावातली बाई येते. शेताच्या जागी आता त्यांच्या भाड्याच्या खोल्या आहेत, नोकरीची गरज नाही. पण नातू इंग्रजी शाळेत, आणि शाळेतली बाई हिच्याशी बोलताना डोक्यावरून हिच्या सुनेकडं बघते, ते हिला सहन होत नाही. वर्गात ती सगळ्यांत मोठ्यांदा बोलते. त्या दिवशी मी तिला विचारलं, “गिव्हला घरं किती?”

“तीन की! देनारा, घेनारा नि वस्तू. आमच्यात सोयरीक हुते तशी.”

“आणि स्लीपला?”

“एकच. झोपायला काय धा जनं लागत्यात व्हय?”

खोली हसली. मागच्या सतरंजीवर माझी सूनही हसली, आणि मग तिनं वही काढली.

जुन्या लग्नपत्रिका कापून मी त्यांच्या पाठीवर क्रियापदं लिहिलेली आहेत. बुटांच्या खोक्यांत ती लावलेली, एका घराची एका खोक्यात, दोन घरांची दुसऱ्यात. कारखान्याच्या स्टोअरसारखी. सून हळूहळू ती खोकी घरी घेऊन बसायला लागली. आपल्या टेबलावर ती दिवसभर जे करते, त्याची क्रियापदं आधी काढली. टेक, पुश, हिअर, पुल, चेक, पुट, शो, सेंड. मग प्रत्येकाची घरं भरायची. मग एकेक शब्द ओढायचा. पहिल्या आठवड्यात तिनं मलाच पकडलं.

“आई, स्टॉप एका घराच्या खोक्यात आहे.”

“बरोबर आहे. द मशिन स्टॉप्ड. मशिन थांबलं. कोण थांबलं, झालं.”

“पण मी मशिन थांबवते तेव्हा? आय स्टॉप्ड द मशिन. दोन घरं झाली ना?”

मी म्हटलं, नाही, तसं नसतं. बघा, किती पटकन मी साहेब झाले! बावीस वर्षं ज्यांच्या नावानं बोटं मोडली त्यांच्यासारखंच, विचार न करता, नाही. तिनं कार्ड काही खोक्यात परत ठेवलं नाही. मी आत जाऊन डिक्शनरी उघडली तर स्टॉपपुढं आय आणि टी, दोन्ही खुणा. ओपन बघितलं, दोन्ही. मूव्ह, दोन्ही. रन, दोन्ही. माझी खोकी इतकी वर्षं चुकीची लावलेली होती आणि मी ती पोरीबाळींना शिकवत होते.

बाहेर आले, म्हटलं, “तुझं खरं आहे.”

ती म्हणाली, “आमच्या स्टोअरला कॉमन पार्ट असतो ना, दोन मॉडेलना चालणारा. त्याचं एक कार्ड दोन्ही खणांत ठेवतात, पिवळं.”

त्या रविवारी आम्ही दोघींनी पिवळा कागद आणून सदतीस क्रियापदं दोन-दोन खोक्यांत टाकली. वर्गात मी सांगितलं की चूक माझी आणि शोध हिचा. भोसरीची बाई म्हणाली, “आता सुनंनं सासूला शिकावलं म्हंजे ह्या घरात काय खरं न्हाई.”

मग कंपनीचा फॅमिली डे आला. घरच्यांना कारखाना दाखवतात, जेवण देतात, पोरांना फुगे. तिथं ट्रेनिंगचे सर भेटले. तरुण माणूस, बोलायला गोड. सुनेनं ओळख करून दिली तर म्हणाले, “काकू, तुम्ही घरी ग्रामर शिकवताय असं ऐकलं. नका हो. त्यांच्या डोक्यात गोंधळ होईल. पाठ करू द्या.”

“पाठ केलेलंच ऐकवायचं तर बाई कशाला उभी करता सर? टेप लावा.”

“काकू, ऑडिट आहे. रिस्क नको.”

“रिस्क कोणाची आहे? तुमची नोकरी पक्की आहे. ब्रेक हिला मिळतो.”

ते हसले. मोठ्या माणसांकडं बघून हसतात तसं. म्हणाले, “जिलेबी घ्या ना.” मी घेतली. चांगली होती. पण मी बोलले ते बोलले.

ऑडिटच्या दिवशी काय झालं ते मी पाहिलेलं नाही. सुनेनं सांगितलं तसं सांगते. घरी आल्या आल्या, चप्पल न काढता, दारातच उभं राहून तिनं ते सांगितलं.

पाहुण्यांत एक परदेशी बाई होती, पन्नाशीची, पायात आपल्यासारखेच सेफ्टी शूज. हिच्या टेबलाशी थांबली. हिनं कागदातली पहिली ओळ सुरू केली. बाईनं हात वर केला आणि विचारलं, तू इथं काय करतेस, तेवढं सांग.

सरांनी मागून डोळ्यांनी खूण केली, कागद म्हण. हिनं कागद सोडला. म्हणाली, “आय टेक द वायर. आय पुश द वायर इन द कपलर. आय हिअर अ साउंड. देन आय पुल. आय पुल एव्हरी वायर.”

बाई म्हणाली, “शो मी.”

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. ऑडिटच्या दिवशी टेबलाच्या कडेला एक हार्नेस ठेवलेला असतो, दहा वेळा तपासलेला, शोपीस. पाहुणे ‘दाखव’ म्हणाले की तो उचलायचा. कोणाला सांगावं लागत नाही, हात आपोआप तिकडं जातो. मी असताना आमच्याकडंही असायचा आणि मीही तोच उचलत आले. सुनेचा हात मात्र लाइनवरून नुकत्याच आलेल्या हार्नेसकडं गेला. मी नंतर विचारलं, का गं? म्हणाली, “मी एव्हरी म्हणून बसले होते ना आई. प्रत्येक तार म्हटलं, आणि मग शोपीस कसा उचलू?”

तिनं ओढली, आणि तार बाहेर आली. अख्खी. पाहुण्यांसमोर.

कागदात यावर एकही ओळ नव्हती, असणार कशी? सर पुढं यायला लागले. पण हिनं तार तळहातावर घेतली, टर्मिनलचा बारीक लॉक, घरात अडकणारी जीभ, दाखवला, आणि बोलली. “द लॉक इज बेंट. आय डोन्ट सेंड धिस. आय पुट इट इन द रेड बॉक्स. आय शो इट टू द इन्स्पेक्टर. ही गिव्ह्ज मी अ न्यू वायर.”

बाईनं विचारलं, आज अशा किती निघाल्या?

“धिस इज द थर्ड. आय टोल्ड सर इन द मॉर्निंग.”

बाईनं लिहून घेतलं. मग मान वर करून सरांकडं बघितलं.

दारात उभी राहून एवढं सांगितल्यावर सून रडायला लागली. म्हणाली, “सर म्हणाले, घालवलीस जागा. कशाला ओढलीस एवढी?” तोवर माझा मुलगाही आला होता. तो म्हणाला, “शोपीस उचलायचा ना गं. एवढं काय तुझं?” मी त्याला म्हटलं, “तू हातपाय धू.” आणि सुनेला म्हटलं, “चप्पल काढ, आत ये. खोटं बोलून मिळाली असती तर ती जागा तुला रोज खोटं बोलायला लावणार होती.” हे मी तोंडानं म्हटलं. मनात मी दिवस मोजत होते. दीड महिन्यावर तिचा पुढचा ब्रेक होता.

आठ दिवसांनी सरांनी तिला बोलावलं. परदेशी बाईनं जाताना लिहून ठेवलं होतं म्हणे, की नव्या मुलींना शिकवायला हीच बाई ठेवा. सर म्हणाले, “सोमवारपासून तू शिकवायचं. काम सुरू कर. पर्मनंटचं नंतर बघू, सध्या आहे तसं राहू दे.” म्हणजे काम ट्रेनरचं, आणि ब्रेक आहे तसाच!

सगळ्यांनी सांगितलं, घे, मिळतंय ते घे. माझा मुलगा म्हणाला, निदान एक अर्ज दे, आणि त्यानं मोबाइलला सांगितलं, अर्ज लिहून दे. मोबाइलनं क्षणात लिहून दिला. दीड पान. मानाचा मुजरा घातल्यासारखा. सुनेनं तो पूर्ण वाचला. माझ्या मदतीशिवाय, बोट ठेवून, सावकाश. मग म्हणाली, “चांगला आहे. पण यात मला काय पाहिजे ते कुठंय?”

नवरा म्हणाला, “तिसऱ्या परिच्छेदात आहे ना. ‘योग्य तो विचार व्हावा.’”

“मला विचार नकोय. मला जागा पाहिजे.”

आम्ही दोघी फरशीवर बसलो. तिनं स्वतःच्या अक्षरात लिहिलं. मी फक्त विचारत होते, कोणी? कोणाला? काय? अर्ज पाच ओळींचा झाला. मराठीत सांगायचा तर असा: मी सात वर्षं या लाइनवर काम करते. ऑडिटच्या दिवशी मी पाहुण्यांना खरी तार दाखवली. तुम्ही मला ट्रेनरचं काम दिलं आहे, ट्रेनरची जागा दिलेली नाही. मला जागा द्या. देत नसाल तर मला कारण लेखी द्या.

मी म्हटलं, शेवटी ‘प्लीज’ घाल. तिनं ते घातलं, थोडा वेळ बघितलं, आणि खोडलं. म्हणाली, “ओढून बघितलं आई. नाही पडत.”

तो कागद तिनं सरांकडं दिला नाही. पहिली शिफ्ट संपल्यावर थेट प्लांट हेडच्या केबिनबाहेर जाऊन बसली. बस चुकली. एक तास बसली, मग आत बोलावलं. त्यांनी वाचलं, विचारलं, हे कोणी लिहून दिलं? म्हणाली, “आय रोट इट.” त्यांनी दोन-तीन प्रश्न विचारले, मुद्दाम इंग्रजीत. हिनं उत्तरं दिली. छोटी, पण पुरी. म्हणाले, बघतो. ही म्हणाली, “सोमवारी नव्या मुली येणार आहेत. त्याआधी सांगा.” हे मात्र मराठीत, कारण राग आला होता.

ती शेअर रिक्षा बदलत बदलत साडेसातला घरी पोचली. त्या संध्याकाळी मी वर्ग घेतला नाही, दारात उभी होते.

शुक्रवारी लेटर आलं. पर्मनंट ट्रेनर, असं वरती ठळक. मुलानं पेढे आणायला चप्पल घातली. सून म्हणाली, “थांबा.” खाली बसली आणि दोन्ही पानं वाचायला लागली. डिक्शनरी मांडीवर. पाऊण तास लागला तिला. दुसऱ्या पानावर खाली एक ओळ होती, की ही नेमणूक अकरा महिन्यांसाठी आहे आणि त्यानंतर नवीन नेमणूकपत्र दिलं जाईल. नवीन! वरती पर्मनंट आणि खाली अकरा महिने. तिनं त्या ओळीभोवती पेन्सिलनं गोल केला. मुलगा म्हणाला, “अगं, तो त्यांचा ठरलेला मजकूर असतो, सगळ्यांनाच असतो. सही कर आणि दे. मागं घेतलं म्हणजे?”

“घेऊ देत मागं,” ती म्हणाली.

तुम्हाला सांगते, मला भीती वाटली. मी बावीस वर्षांत एकाही कागदावर गोल केलेला नाही. जिथं बोट ठेवलं तिथं सही केली, अंगठ्याऐवजी सही करते याचाच अभिमान धरून.

शनिवारी ती लेटर तसंच परत घेऊन गेली. एचआरच्या मॅडम म्हणाल्या, टायपिंगमधलं राहिलंय ते. ही म्हणाली, मग काढा. त्या म्हणाल्या, सोमवारी बघू, तू तोवर सही करून क्लास सुरू कर. ही म्हणाली, नाही, आधी काढा. रविवार आम्ही कसा काढला ते आम्हालाच माहीत. घरात पेढ्याचं नाव कुणी काढलं नाही.

सोमवारी सकाळी सात वाजता नव्या अकरा मुली ट्रेनिंगच्या खोलीत येऊन बसल्या होत्या. ही दाराबाहेर उभी. सर घड्याळ बघत होते, म्हणाले, “अगं, आत तरी जा.” ही गेली नाही. सव्वासातला मॅडम नवं पान घेऊन आल्या. हिनं तिथंच, भिंतीला टेकून, ते पान पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. अकरा मुली आतून बघत होत्या, सर बाहेरून. वाचून झालं, तेव्हा पेन मागितलं, सही केली, पेन परत दिलं आणि आत गेली.